मानधन किती, ते विचारायचे नाही!

आपल्याकडे लग्न जुळवताना मुलाचा पगार विचारण्यात कुणालाच संकोच वाटत नाही. बोरिवलीचे वधूवर सूचक मंडळ असो की मुलुंडच्या दिवाणखान्यातला कांदेपोह्यांचा कार्यक्रम, आकडा पहिल्या दहा मिनिटांत समोर येतो. तोच मुलगा एखाद्या निसर्गसंवर्धनाचे काम करणाऱ्या सेवाभावी संस्थेत मुलाखतीला गेला, की चित्र पालटते. जाहिरातीत ‘मानधन पात्रतेनुसार व अनुभवानुसार’ एवढेच छापलेले असते. मुलाखतीत त्यालाच विचारले जाते, ‘सध्या किती मिळतात? अपेक्षा काय?’ त्याने उलट प्रश्न केला, तर ‘पैशासाठी येणाऱ्यांचे हे क्षेत्र नव्हे’ असा भाव समोरच्या चेहऱ्यांवर उमटतो. बिबट्याच्या, बगळ्याच्या आणि खारफुटीच्या रक्षणाची गोष्ट चालू असताना भाकरीची गोष्ट काढणे जणू अप्रशस्तच!

हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांना विशेष जवळचा आहे. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. गोरेगावला चित्रनगरीलगत १९९३ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे. पूर्वेकडच्या ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला. जंगल आणि खाडी अशी दाराशी असताना, जीवशास्त्र शिकलेल्या मुलामुलींना हेच काम करावेसे वाटले तर नवल नाही. पण समजा, एकाच वर्गातल्या दोन मुली आहेत. एक अंधेरीत आईवडिलांच्या मालकीच्या घरात राहते. दुसरी घाटकोपरला भाड्याच्या खोलीत राहते आणि तिच्या पगारावर धाकट्या भावाची फी अवलंबून आहे. आकडा न छापलेल्या जाहिरातीला पहिली सहज अर्ज करील. दुसरी करणार नाही, किंवा तीन फेऱ्या पार करून शेवटी आकडा ऐकून परत येईल. कोणीही तिला नाकारले नाही. तरीही निवड झालीच!

यात ‘मानधन’ या शब्दाची करामत मोठी आहे. पगार मागता येतो, वेतन ठरवून घेता येते. मानधन मात्र दिले जाते आणि मान राखून ते घ्यायचे असते. मानधन म्हटले, की भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा हे विषय आपोआप बाजूला पडतात. शब्दाचा हा आडोसा कायद्यापुढे टिकतोच असे नाही. अंगणवाडी सेविकांना सरकार वर्षानुवर्षे मानधनच देत आले. त्याला काहीही नाव दिले तरी ते कामाचे वेतनच आहे आणि सेविका ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला.

विनावेतन सेवेची परंपरा सांगताना डॉ. सालिम अली यांचे नाव हमखास घेतले जाते. म्हणून त्यांची हकीगत नीट पाहायला हवी. विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये ते मार्गदर्शक व्याख्याता झाले. पगार होता दरमहा ३५० रुपये. पुढे बर्लिनला जाऊन त्यांनी पक्षिशास्त्राचे शिक्षण घेतले, पण १९३० मध्ये परतले तेव्हा पैशाअभावी ती जागाच रद्द झाली होती. मग त्यांनी संस्थानांच्या पक्षी-पाहणीसाठी एक तोडगा सुचवला : मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च तेवढा उचला, माझ्या कामाचे वेतन नको. १९३१ मध्ये सुरू झालेल्या हैदराबाद संस्थानाच्या पाहणीपासून हा क्रम चालू झाला. त्यातून भारतीय पक्षिशास्त्राचा पाया घातला गेला, याबद्दल दुमत नाही. पण बिनपगारी काम ही त्यांची पहिली पसंती नव्हती. नोकरीचे दोन दरवाजे बंद झाल्यावर काढलेली ती वाट होती. निरुपायाने केलेल्या त्यागाला आपण पात्रतेची अट करून टाकले, ही खरी गफलत.

त्यांना आडवी आलेली पदवीची अट आजही अनेकांना आडवी येते. राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवरचा वारली तरुण पाऊलखुणा ओळखतो, कोणत्या ओढ्याला पाणी कधीपर्यंत टिकते ते सांगतो. मात्र पदवी नसली, की अशा माणसाच्या वाट्याला येते ते वाटाड्याचे किंवा क्षेत्र-सहायकाचे रोजंदारीचे काम. त्याच्या माहितीवर अहवाल उभा राहतो. त्याचे नाव आले तर आभारात येते.

याबाबतीत सरकारी भरती अधिक सरळ आहे, असे म्हणावे लागते. २०२३ च्या वनरक्षक भरतीच्या जाहिरातीत वेतनश्रेणी स्पष्ट छापलेली होती : २१,७०० ते ६९,१०० रुपये. शिक्षणाची अट बारावीची, अनुसूचित जमातींसाठी दहावीची. पुरुषांनी पाच किलोमीटर आणि महिलांनी तीन किलोमीटर धावायचे, हेही आधीच ठाऊक. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याचे मासिक वेतन जाहीर करणे सरकारी कार्यालयांना बंधनकारक आहे.

अर्थात सरकारचेही हात स्वच्छ नाहीत. पुण्याजवळच्या पाचगाव पर्वती येथील वनीकरणावर वर्षानुवर्षे रोजंदारीने राबणारे मजूर न्यायालयात गेले, तेव्हा वनखात्याचा बचाव असा, की आमचे काम म्हणजे उद्योग नव्हेच. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कायम स्वरूपाच्या कामावर माणसाला वर्षानुवर्षे तात्पुरता ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा ठरली. झाडे लावणे हे पुण्यकर्म आहे, म्हणून झाडे लावणाऱ्याचा हक्क कमी होत नाही, हाच त्याचा अर्थ. वर्षाला किमान २४० दिवस या हिशेबाने पाच वर्षे भरलेल्या ८,०३८ वनमजुरांना राज्य सरकारने १९९६ च्या निर्णयाने कायम केले, २०१२ मध्ये आणखी ६,५४६ जणांना. ज्यांच्या हजेरीपटावर दिवस कमी भरले, ते बाहेर राहिले.

सेवाभावी संस्थांचा हिशेब मात्र वेगळ्याच साच्यात बसवलेला आहे. महाराष्ट्रातील प्रत्येक सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांकडे उत्पन्न-खर्चाचे पत्रक द्यावे लागते. त्या नमुन्यात विश्वस्तांच्या मानधनाचा रकाना आहे. मठ असेल तर मठाधिपतीच्या मानधनाचा आणि घरखर्चाचाही आहे. कर्मचाऱ्यांचे पगार मात्र ‘आस्थापना खर्च’ किंवा ‘उद्दिष्टांवरील खर्च’ अशा ढोबळ मथळ्यांखाली जातात. संचालकाला किती आणि सर्वांत खालच्या माणसाला किती, हे त्यातून कळायला वाव नाही. मठाधिपतीचा घरखर्च दिसतो, वाटाड्याची मजुरी दिसत नाही!

संस्थांची बाजूही ऐकली पाहिजे. देणगीदाराला रोपे मोजायला आवडतात, पगार नव्हे. प्रकल्प दोन-तीन वर्षांचे असतात आणि निधी संपला, की माणसेही जातात. परदेशी देणग्यांतून प्रशासनावर करायच्या खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या पगार कमी असण्याचे कारण असू शकतात. तो लपवण्याचे नव्हे. कमी पगार उघड सांगितला तर देणगीदारालाही कळेल, की त्याच्या रोपांची निगा राखणारा माणूस किती रुपयांत महिना काढतो.

आणि हे अशक्य मुळीच नाही. क्रेडिबिलिटी अलायन्स या मंचाच्या निकषांनुसार संस्थेने वार्षिक अहवालात कर्मचाऱ्यांची वेतनगटवार आणि स्त्री-पुरुषवार विभागणी द्यायची असते. प्रमुखाचे, सर्वाधिक वेतनाच्या तिघांचे आणि सर्वांत कमी वेतनाच्या कर्मचाऱ्याचे वेतनही सांगायचे असते. मात्र हे निकष ऐच्छिक आहेत. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशाने उमेदवाराला मुलाखतीपूर्वीच वेतनाची कल्पना देणे आणि त्याचा पूर्वीचा पगार न विचारणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले आहे.

आपल्या संस्थांना त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. जाहिरातीत किमान आणि कमाल आकडा छापावा. ‘सध्या किती मिळतात’ हा प्रश्न बंद करावा, कारण त्याने जुना अन्याय नव्या नोकरीत सोबत येतो. अनुभवाला पदवीइतके वजन द्यावे. अहवालाच्या एका पानावर सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा पगार शेजारीशेजारी मांडावा. वर्गणीदारांनीही वार्षिक सभेत किती झाडे जगली हे विचारताना, ती जगवणाऱ्यांचे काय झाले, हे विचारायला काय हरकत आहे?

नाही तर जंगलाविषयी बोलण्याचा अधिकार हळूहळू ज्यांना पगाराची गरज नाही अशांच्याच हाती जाईल. घाटकोपरची ती मुलगी तोवर एखाद्या औषध कंपनीत चिकटलेली असेल आणि पाड्यावरचा तो तरुण सोसायटीच्या फाटकावर पहारा करीत असेल. त्यात नुकसान त्यांचे होईलच. पण जंगलाचेही कमी होणार नाही.