हाड शाबूत, तरी मालिका हुकली

३० नोव्हेंबर २०१८. सिडनीत भारतीय संघाचा सराव सामना सुरू होता. सीमारेषेजवळ झेल घेताना विरारच्या पृथ्वी शॉचा डावा पाय मुरगळला आणि त्याला उचलूनच मैदानाबाहेर न्यावं लागलं. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी राजकोटला पदार्पणाच्या कसोटीत १३४ धावा ठोकलेला हा एकोणीस वर्षांचा सलामीवीर. स्कॅनमध्ये निदान झालं, घोट्याच्या बाहेरच्या बाजूच्या लिगामेंटला इजा. आधी अ‍ॅडलेडची कसोटी गेली, मग सगळी मालिकाच. त्याच्या जागी मयंक अग्रवाल संघात आला आणि मेलबर्नला पहिल्याच डावात ७६ धावा करून गेला.

विरारमध्ये चंदनसारच्या रस्त्यावर किंवा स्टेशनच्या जिन्यावर पाय लचकला, की ‘हाड नाही ना मोडलं? मग झालं तर!’ म्हणून आपण मोकळे होतो. पण हाडाहाडांना बांधून ठेवणारे हे चिवट पट्टे, म्हणजे लिगामेंट, तुटले तर प्रकरण लांबतं.

घोट्याच्या बाहेरच्या अंगाला असे तीन पट्टे असतात. आतल्या बाजूचा पट्टा रुंद आणि दणकट, बाहेरचे तुलनेनं नाजूक. त्यामुळे पाऊल आत वळून पडलं की सगळा भार बाहेरच्या पट्ट्यांवर येतो. सर्वांत आधी तुटतो तो पुढचा; पोटरीचं बाहेरचं बारीक हाड आणि घोट्यातलं टॅलस हे हाड यांना जोडणारा. पट्टा नुसता ताणला गेला तर पहिली श्रेणी, अर्धवट फाटला तर दुसरी, पुरता तुटला तर तिसरी.

हाडाला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे ते पुन्हा हाडच होऊन सांधतं. लिगामेंटला रक्त कमी मिळतं आणि जखम व्रणाच्या ऊतीनं भरून निघते. आधी तिथे कच्चं, विस्कळीत कोलॅजन साठतं. ते भक्कम होऊन ओळीला लागायला कित्येक महिने जातात. शिवाय पाऊल कुठे, कसं पडतंय याची खबर मेंदूला देणाऱ्या चेतातंतूंची टोकंही याच पट्ट्यांत असतात. ती दुखावली की तोल बिघडतो आणि तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो.

मग एक्स-रे कधी काढायचा? कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी सोपे निकष मांडले, ते आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या कुठल्याही एका बाजूच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यावर हाड दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासतानाही लंगडत का होईना चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवाच. पावलाच्या मधल्या भागासाठीही असेच निकष आहेत.

पहिले दोन-तीन दिवस पायाला आराम, फडक्यात गुंडाळलेला बर्फ, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर उंच. चोळणं आणि शेकणं तेवढे दिवस वर्ज्य. त्यानं सूज वाढते. त्यानंतर मात्र पाय महिनाभर जपून ठेवण्यापेक्षा सोसेल तेवढा हलवावा आणि फिजिओथेरपिस्टकडून तोल सांभाळण्याचे व्यायाम शिकून घ्यावेत.

नेमकं इथेच बहुतेकांचं चुकतं. सूज उतरली की व्यायाम सुटतो आणि माणूस पुन्हा धावत लोकल पकडायला निघतो. दुखावलेला पाय एकट्यानं शरीर तोलून धरू शकत नसेल, तर दुखणं थांबलं तरी उपचार संपलेले नसतात.