एक्स-रे साफ, कंबर धरलेलीच

यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणी, पांढरकवडा भागातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार आहे. भारतीय मानकानुसार ते लिटरला १ मिलिग्रॅम असावं, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. त्याहून बरंच जास्त वर्षानुवर्षे पोटात गेलं की हाडं जाड होतात, अस्थिबंधांत कॅल्शियम साठतं, मणका ताठतो. एक्स-रेवर हे सगळं दिसतं, त्यामुळे रोग्याच्या दुखण्यावर कोणी शंका घेत नाही.

कापूस वेचणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी. मजुरी किलोवर, म्हणून दिवसभर वाकून वेचणी. हंगाम संपतो, कंबर राहतेच. एक्स-रे साफ निघाला की गोळी, सुई आणि ‘मनाचं आहे’ हा शेरा. एमआरआय काढला तरी निकाल लागेलच असं नाही. कसलंही दुखणं नसलेल्या ऐंशीतल्या माणसांपैकी ९६ टक्क्यांच्या मणक्यातल्या गाद्या झिजलेल्या असतात, विशीतल्यांतही ३७ टक्क्यांच्या. अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ साली हे आकडे मांडले गेले.

मग दुखणं राहतं कुठे? १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूच हळवा होतो. सतत कळ येत राहिली की मज्जारज्जूतल्या पेशींवर ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन झेलणाऱ्या एनएमडीए ग्राहीचं तोंड अडवून बसलेलं मॅग्नेशियम सुटतं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी साध्या स्पर्शालाही कळ समजू लागते. पुढे ए. वानिया अपकेरियन यांच्या गटाने जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांचे मेंदू पाहिले. २००० साली स्पेक्ट्रोस्कोपीत पुढच्या मेंदूतलं एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट हे रसायन कमी आढळलं. २००४ साली मेंदूच्या बाह्यावरणातला करडा भाग ५ ते ११ टक्क्यांनी घटलेला. मला महत्त्वाचा वाटतो तो २००९चा जर्मन अभ्यास: खुब्याचा सांधा बदलल्यावर वेदना थांबली आणि घटलेला भाग बऱ्याच अंशी भरूनही आला. म्हणजे ही घट कायमची नासाडी नव्हे.

पण ही चित्रं गटाच्या सरासरीची असतात. समोरच्या एका बाईची कंबर दुखते की नाही, ते त्यांवरून ठरत नाही. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१७ साली स्पष्ट सांगितलं, की मेंदूचं चित्र दुखण्याचं खरं-खोटं ठरवायला वापरू नये.

या रसायनशास्त्राचा खेड्यातल्या बाईपर्यंत पोचणारा भाग म्हणजे रात्रीची ॲमिट्रिप्टिलिनची छोटी मात्रा किंवा ड्युलोक्सेटिन. मेंदूतून मज्जारज्जूकडे उतरणारा, कळ दाबणारा मार्ग ही औषधं बळकट करतात, सेरोटोनिन आणि नोरॲड्रेनॅलिनच्या जोरावर. सगळ्यांना गुण येत नाही. येतो त्यालाही काही आठवडे लागतात. ओपीडीच्या गर्दीत हे सांगायला कोणाला वेळ? घरी कोणी तरी चिठ्ठी वाचून म्हणतं, ‘ही तर डिप्रेशनची गोळी आहे.’ बाई विचारते, ‘मले का वेड लागलं?’ आणि चार दिवसांत गोळी बंद.