डाकीण म्हणण्याआधी तीन प्रश्न

ताईंनो, म्हशीचं दूध आटलं, पोर तापानं फणफणलं, की गावात कुजबुज सुरू होते, "अमकीनं करणी केली." ही 'अमकी' बऱ्याचदा विधवा, म्हातारी नाहीतर एकटी राहणारी असते. एकदा 'डाकीण' म्हटलं की तिचं पाणी तुटतं, कधी जीवही जातो.

म्हणून अशी गोष्ट कानावर आली तर आधी विचारा:

१. डोळ्यांनी कुणी पाहिलं? सगळेच "ऐकलं" म्हणत असतील, तर ती अफवा समजा.

२. दुसरं कारण तपासलं का? दुधात गाठी, रक्त आलं तर तो कासदाह, म्हणजे आपली 'दगडी' असू शकते. पावसाळ्यात धडधाकट जनावर अचानक गेलं तर घटसर्प असू शकतो. त्याची लस मिळते. पोराला ताप असेल तर आधी दवाखाना.

३. ती बाई गावातून गेली तर फायदा कुणाचा? जमिनीचा, वाटणीचा वाद आहे का, ते बघा.

देवाला हात जोडायला कुणाची ना नाही. पण अमकी करणी करते, मंत्रानं दूध आटवते असं पसरवून तिचं जगणं अवघड करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. गुन्हा अजामीनपात्र आहे.

बैठकीत असं नाव निघालं तर तिथंच थांबवा. त्या ताईची बचत, तिची खुर्ची, तिची सही चालूच ठेवा. मारहाणीची भीती वाटली तर लगेच ११२ ला फोन लावा.