दुर्गाघाटावरील पान

काशीत ‘पान’ म्हटले की बनारसी माणसाच्या डोळ्यांपुढे विडा उभा राहतो; महाराष्ट्रीय यात्रेकरूच्या डोळ्यांपुढे मात्र वाढलेले पान येते. त्या वाढलेल्या पानासाठी मराठी माणसाने परमुलखात किती खटाटोप केला, ह्याचा इतिहास दुर्गाघाटाच्या परिसरात सापडतो.

हा घाट ब्रह्मघाट आणि पंचगंगाघाट ह्यांच्या नजीक असून तेथे ब्रह्मचारिणी दुर्गेचे मंदिर आहे. पेशव्यांना गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीस येऊन राहिले आणि त्यांच्या पुढाकाराने घाट बांधला गेला. पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई 1735 मध्ये काशीयात्रेस आल्या. सरदार, शास्त्री, पुराणिक आणि भाविक ह्यांची रीघ पुढेही चालूच राहिली व ह्या भागात मराठी घराणी स्थायिक झाली.

ह्या यात्रेकरूंपुढे स्नानापाठोपाठ उभा राहणारा प्रश्न जेवणाचा असे. वस्तुतः काशीच्या बाजारात खाद्यपदार्थांची वाण कधीच नव्हती. घाटाच्या पायऱ्या चढून गल्ल्यांतून ठठेरी बाजाराकडे निघावे, तो कचोरी, पुरी, जिलेबी, रबडी आणि हिवाळ्यात दुधाच्या हलक्या फेसाचा मलइयो, असा थाट. तरीही तेथे वरणभात विकत मिळणे दुर्घट होते. ह्याचे कारण चवीत नसून आचारात होते. उत्तर हिंदुस्थानात अन्नाचे ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ असे दोन वर्ग मानीत. तुपात तळलेले ते पक्के. ते हलवायाच्या हातचे चाले. पाण्यात शिजविलेला भात, डाळ किंवा तव्यावरची पोळी हे कच्चे अन्न. ते स्वजातीयाच्या अथवा ब्राह्मणाच्या हातचेच घ्यावयाचे. न्याहारी बाजारात आणि जेवण घरात, ही विभागणी अशी झाली. ज्याचे घरच शेकडो कोस दूर राहिले, त्याने काय करावे?

त्याला तीन वाटा होत्या. पहिली वाट क्षेत्रोपाध्यायाच्या घराची. तेथे उतरावे, शिधा द्यावा व सोवळ्यात रांधलेले मराठी चवीचे अन्न जेवावे. दुसरी अन्नछत्राची. राजेरजवाडे आणि सावकार ह्यांच्या दानावर चालणाऱ्या छत्रांत पानाचे मोल पडत नसे. परंतु अशा कित्येक छत्रांतील पंगत ब्राह्मणांपुरतीच असे. तिसरी वाट खाणावळीची. ती उशिरा आली आणि पुष्कळ काळ हलकी मानली गेली. अन्न विकणे हे पाप, अशी समजूत होती. पैसे मोजून परक्याच्या ओसरीवर जेवावे लागणे हे निराधारपणाचे लक्षण समजले जाई.

येथे एक गोष्ट नीट पारखून घेतली पाहिजे. दानाच्या पंगतीत माणसाची जात आधी विचारली जाई. विक्रीच्या पंगतीत निदान तत्त्वतः पैसा पुरे होता. खाणावळींनीही जातिभेद पाळला, नाही असे नाही. परंतु जो व्यवहार उघड्या बाजारात होतो, त्याला कायद्याचा हात पोहोचू शकतो. 1950 मध्ये अमलात आलेल्या संविधानाच्या 15 व्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले ह्यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान ह्यांवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे ठरविले. 1955 च्या अस्पृश्यताविषयक कायद्याने असा मज्जाव दंडनीय केला. संविधानाच्या मूलभूत हक्कांत हॉटेलाचा उल्लेख यावा, ह्यावरून जेवणाच्या पंगतीत किती मोठा अन्याय दडला होता, हे कळून येते.

आपल्या चवीचा हा शोध मराठी माणसापुरता नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर बांधकामासाठी फिलिपिनो कामकरी मोठ्या संख्येने गेले आणि त्यांचा समाज तेथे रुजला. आज त्या बेटावर फिलिपिनो उपाहारगृहे आहेत. शिर्का व लसूण घालून शिजविलेले मांसाचे ‘अदोबो’, चिंचेने आंबट केलेला ‘सिनिगांग’ आणि सोबत भात, हे तेथील पान. चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्या माणसाला त्या आंबट रशाची ओढ समजावून सांगावी लागणार नाही. मात्र अशा उपाहारगृहात स्वदेशीय माणूस आठवणीसाठी येतो, तर परका कुतूहलाने. आणि दोघे शेजारी बसून जेवतात. जुन्या पंगतीला जे साधले नाही, ते ह्या साध्या मेजाला साधते.

घराबाहेर जेवण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी काशीतच एक दृश्य आठवावे. येथील कथेप्रमाणे नगरीचा स्वामी विश्वनाथ स्वतः भिक्षापात्र घेऊन अन्नपूर्णेच्या दारी उभा आहे, आणि ती हातातील पळीने त्याला अन्न वाढीत आहे. जेथे देवानेही हात पुढे केला, तेथे दारी आलेल्या माणसाला जात विचारण्याचा अधिकार कोणास उरतो?