गतिमान पिस्तूल नेमबाजी

जागा बदलत, आडोशांमधून वाट काढत, निरनिराळ्या अंतरांवरील अनेक लक्ष्यांचा शक्य तितक्या कमी वेळात पिस्तुलाने वेध घेण्याचा एक आधुनिक क्रीडाप्रकार. ऑलिंपिक स्पर्धांतील पिस्तूल नेमबाजीत स्पर्धक एका जागी उभा राहून, हात लांब करून, एका हाताने नेम धरतो व लक्ष्याचे अंतर ठरलेले असते. गतिमान नेमबाजीत पिस्तूल दोन्ही हातांनी धरतात, ते कमरेच्या म्यानातून काढून सुरुवात करतात आणि प्रत्येक टप्प्याची मांडणी वेगळी असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या खेळाचा उगम झाला आणि आजही छंद म्हणून त्याचा प्रसार तेथेच सर्वाधिक आहे.

मरीन दलातील निवृत्त लेफ्टनंट कर्नल जेफ कूपर (१९२०–२००६) यांनी १९५० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील बिग बेअर येथे झटपट पिस्तूल काढून नेम मारण्याच्या स्पर्धा भरविल्या. तोपर्यंत पिस्तूल कमरेजवळूनच झाडावे, असे अनेकांचे मत होते. जॅक वीव्हर या लॉस अँजेल्स परगण्यातील पोलीस अधिकाऱ्याने पिस्तूल दोन्ही हातांनी डोळ्यांच्या पातळीवर आणून, दर्शिकांतून पाहून गोळी झाडण्याची पद्धत वापरली आणि तो जिंकू लागला. घाईने चुकण्यापेक्षा क्षणभर थांबून लागलेला नेम अधिक जलद ठरतो, हा या खेळाचा पहिला धडा तेथे मिळाला. पुढे रॉब लेथम व ब्रायन ईनॉस यांनी १९८० नंतरच्या दशकात दोन्ही हात समान ताणून, लक्ष्याकडे सरळ तोंड करून उभे राहण्याची पद्धत रूढ केली. आज बहुतेक स्पर्धक तीच वापरतात.

पहिली जागतिक स्पर्धा १९७५ मध्ये झुरिक येथे झाली व ती रे चॅपमन यांनी जिंकली. १९७६ मध्ये मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे ‘इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन’ ही संस्था स्थापन झाली आणि कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. अचूकता, शक्ती व वेग या अर्थाचे तीन लॅटिन शब्द हे तिचे ब्रीद होय.

गुणांकन : खेळाचे सर्व मर्म गुणांकनात आहे. पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर ‘ए’, ‘सी’ व ‘डी’ असे विभाग असून त्यांना अनुक्रमे ५, ३ व १ गुण मिळतात. अधिक शक्तीचे काडतूस वापरणाऱ्यास बाहेरील दोन विभागांसाठी ४ व २ गुण देतात. शक्ती मोजण्यासाठी गोळीचे ग्रेनमधील वजन व तिचा सेकंदाला फुटांतील वेग यांच्या गुणाकारास १,००० ने भागतात, उदा., ११५ ग्रेनची गोळी १,१५० फुटांच्या वेगाने सुटल्यास हा अंक सु. १३२ येतो. किमान अंक १२५ लागतो. नेम चुकल्यास किंवा वर्ज्य लक्ष्यास गोळी लागल्यास १० गुण वजा होतात. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले, की येणाऱ्या अंकास ‘हिट फॅक्टर’ म्हणतात. टप्प्यातील सर्वोच्च अंकास त्या टप्प्याचे पूर्ण गुण व इतरांस त्याच प्रमाणात गुण मिळतात.

कूपर यांनी रचलेल्या ‘एल प्रेसिडेंटे’ या प्रसिद्ध सरावाचे उदाहरण घेता येईल. स्पर्धक १० यार्डांवरील तीन लक्ष्यांकडे पाठ करून उभा राहतो. इशारा होताच वळून प्रत्येक लक्ष्यावर दोन गोळ्या झाडतो, मॅगझिन बदलतो आणि पुन्हा प्रत्येकावर दोन झाडतो. कमाल गुण ६० होतात. बाराही गोळ्या ‘ए’ विभागात मारून १२ सेकंद घेणाऱ्या सावकाश नवशिक्याचा अंक ५ येतो. सहा सेकंदांत सर्व उरकून दोन गोळ्या चुकविणाऱ्याचे ५० मधून २० जातात व त्याचाही अंक ५ च येतो. आठ सेकंदांत दहा गोळ्या ‘ए’ मध्ये व दोन ‘सी’ मध्ये मारणारा ५६ गुणांसह ७ अंक मिळवून दोघांनाही मागे टाकतो. निव्वळ वेग वा निव्वळ अचूकता यांपैकी एकाच्या बळावर येथे जिंकता येत नाही.

सुरक्षितता : भरलेले पिस्तूल घेऊन धावणे हा वरकरणी अविचार वाटतो, म्हणूनच नियम अत्यंत कडक आहेत. पिस्तूल पंचाच्या आज्ञेवाचून म्यानाबाहेर काढता येत नाही. अपवाद फक्त राखून ठेवलेल्या सुरक्षित जागेचा असून तेथे काडतुसास हातही लावता येत नाही. नळी नेहमी समोरच्या मातीच्या बांधाकडे असावी लागते. मध्यरेषेपासून ९० अंशांपलीकडे ती वळली, पिस्तूल हातून पडले किंवा अनवधानाने गोळी सुटली, तर स्पर्धक संपूर्ण स्पर्धेतून तत्काळ बाद होतो. धावताना व मॅगझिन बदलताना बोट चापाच्या कडीबाहेर दिसले पाहिजे. हे नियम जगज्जेत्यास व पहिल्याच दिवशी आलेल्या व्यक्तीस सारखेच लागू असतात आणि बाद झालेला अनुभवी खेळाडूही सहसा हुज्जत घालीत नाही. कानांचे व डोळ्यांचे संरक्षण स्पर्धकांप्रमाणे प्रेक्षकांनाही सक्तीचे असते.

नवशिक्याची सुरुवात : अमेरिकेतील अनेक मंडळे नवागतास प्रथम सुरक्षिततेचा वर्ग करावयास लावतात. ९ मिमी. व्यासाचे साधे अर्धस्वयंचलित पिस्तूल, चाप पूर्ण झाकणारे ताठ म्यान, जाड कमरपट्टा, तीन-चार मॅगझिने व त्यांच्या खोबण्या एवढ्या साहित्यावर सुरुवात होते. महागड्या साहित्याने प्रारंभी विशेष काही साधत नाही. खरा खर्च काडतुसांचा असतो. त्यामुळे सरावाचा मोठा भाग घरी, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, रिकाम्या पिस्तुलाने करतात. पिस्तूल काढणे, पकड घेणे व मॅगझिन बदलणे या क्रिया अशाच अंगवळणी पडतात. पहिल्या स्पर्धेत सावकाश, नियम न मोडता शेवटपर्यंत टिकणे एवढेच उद्दिष्ट शहाणे स्पर्धक ठेवतात. स्पर्धक लक्ष्ये मोजण्यास व चिकटपट्टीने भोके बुजविण्यास आळीपाळीने हात लावतात. ओळखी व शिकणे बहुधा तेथेच होते. अमेरिकी संघटना (स्थापना १९८४) खेळाडूंची ‘डी’ पासून ‘ग्रँड मास्टर’ पर्यंत वर्गवारी करते. ९५ टक्के व त्यावरील कामगिरी सर्वोच्च वर्गात मोडते.

मतभेद : हा खेळ की आत्मसंरक्षणाची तालीम, हा वाद जुनाच आहे. ठिपका-दर्शिका व धक्का कमी करणारी नळीच्या टोकाची उपकरणे आल्यावर पिस्तुले रोजच्या वापराच्या शस्त्रांपासून दूर गेली आणि स्वतः कूपर या वळणावर नाराज होते. त्यांतून १९९६ मध्ये नेहमीच्या पिस्तुलांवर व आडोशाच्या वापरावर भर देणारी ‘इंटरनॅशनल डिफेन्सिव्ह पिस्तूल असोसिएशन’ निघाली. उलट, आंतरराष्ट्रीय संघटनेने माणसाची आकृती सुचविणारे डोक्याचे लक्ष्य सोडून अष्टकोनी लक्ष्य स्वीकारले. अमेरिकेत जुने लक्ष्यही टिकून आहे.

कायद्यानुसार खेळाचे रूप बदलते. ग्रेट ब्रिटनमध्ये १९९७ च्या कायद्यांनी बहुतेक पिस्तुले बंद झाल्यावर तेथील स्पर्धक मुख्यतः छऱ्यांच्या बंदुकीकडे वळले. जपान व हाँगकाँग येथे प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडणाऱ्या वायुपिस्तुलांवर हाच खेळ चालतो. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली ९ मिमी. पिस्तूल सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही. त्यामुळे येथील पिस्तूल नेमबाजी १० मी. वायुपिस्तूल व २५ मी. पिस्तूल या ऑलिंपिक प्रकारांभोवतीच वाढली आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले, ते २५ मी. पिस्तूल प्रकारातच.