बोर्डीचा रस्ता दिंडोरीवरून जात नाही

एका दिवसात द्राक्षबागा आणि समुद्र दोन्ही पाहून रात्री राहुरीत परत येता येईल का, असा प्रश्न आमच्या हिने गेल्या महिन्यात सकाळच्या चहाला काढला. परदेशात म्हणे लोक सकाळी वाइनच्या मळ्यांतून हिंडतात आणि संध्याकाळी समुद्रावर बसतात. "आपल्याकडे नाशिक आहे, समुद्रही आहे. मग अडलंय कुठं?"

बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. तो लगेच कागद घेतो. मीही घेतला. राहुरीहून शिर्डी, सिन्नर करत नाशिक म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. (नगर-मनमाड रस्त्यावरच्या खड्ड्यांचा वेळ वेगळा धरायचा. आम्ही राहुरीकर तो न सांगता धरतो.) नाशिकला गंगापूर धरणाच्या कडेने द्राक्षमळे पाहायचे, मग त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड करत घाट उतरून डहाणू. तेही जवळपास तेवढंच अंतर. पुढे बोर्डी १५-१६ किलोमीटर. सुरूची झाडं आणि मागे घोलवडच्या चिकूच्या वाड्या. पारशी-इराणी बागायतदारांनी वाढवलेला तो चिकू आता भौगोलिक मानांकन मिरवतो आणि त्याचीही वाइन निघते, म्हणजे किनाऱ्यावर पोचलं तरी विषय सुटत नाही. बोर्डीचा सूर्यास्त पाहायचा म्हटला की साडेसहा वाजले. तिथून राहुरी तीनशेच्या घरात. साठी उलटलेल्या माणसाने रात्री जव्हारचा घाट चढायचा! जमा-खर्च जुळेना.

मुलाने फोनवर तोडगा सांगितला. "बाबा, समृद्धीने जा." जून २०२५ मध्ये इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा खुला झाला. आता कोपरगावपाशी चढलं की थेट भिवंडीजवळ उतरता येतं, तिथून अहमदाबाद महामार्गाने चारोटी, डहाणू. मी लगेच नवा कागद केला. हिने चष्मा लावून तो वाचला.

"यात द्राक्षं कुठं आहेत?"

"वाटेत दिसतील की."

"समृद्धीवरून?" ती थांबली. "तुम्ही आबांकडे जायचं टाळताय."

आता आबांबद्दल सांगायला हवं. मी दिंडोरी तालुक्यातल्या एका शाखेत व्यवस्थापक होतो, तो काळ वाइनच्या भरतीचा होता. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, करांत सवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क काढलं. त्याआधी नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी शॅम्पेनच्या धर्तीची वाइन करून दाखवली होती, नाशिकला राजीव सामंतांच्या सुलाची वाइन २००० साली बाजारात आली होती. मग काय, ज्याच्या-त्याच्या तोंडी शेनिन ब्लां आणि शिराझ. ज्यांना ही नावं म्हणता येत नसत ते 'शेनिंग' म्हणायचे आणि तरीही लावायचे. आबा त्यांतलेच. माळकरी माणूस. मी एकदा थट्टेने विचारलं, "आबा, गळ्यात तुळशीची माळ आणि मळ्यात वाइनची द्राक्षं?" ते म्हणाले, "साहेब, तुमच्या नगरकडं ऊस लावणारा मळीचं काय होतं विचारतो का?" मला उत्तर देता आलं नाही. आमच्या जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून मळीचा वास आम्हाला परका नाही. २०२२ मध्ये सुपर मार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा राळेगणसिद्धीहून अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, तेव्हा मला आबांचं हे वाक्य आठवलं होतं. अण्णांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. आबांचंही नाही.

तर, आबांनी तीन एकर वाइनची द्राक्षं लावली. मंडपाच्या तारा, अँगल, ठिबक, सगळं कर्जातून. एका वायनरीशी खरेदीचा करार होता. त्यात दर होता, साखरेचं प्रमाण होतं. कंपनीने माल उचलला नाही तर काय, याचं कलम मात्र दीड ओळीचं आणि गुळमुळीत. मी ते वाचलं होतं. वरून उद्दिष्ट आलेलं होतं, मार्च जवळ होता. मी सही केली.

२००८ च्या मंदीनंतर वाइनचा खप घसरला, टाक्या भरलेल्याच राहिल्या आणि वायनऱ्यांनी हात आखडते घेतले. आबांच्या वायनरीने 'या हंगामात नको' असा फोन केला. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. ते खायला कोण घेणार? त्याचा बेदाणाही होत नाही. चौथ्या वर्षाच्या, ऐन भरातल्या वेली आबांनी उपटल्या. कर्ज फेडायला दीड एकर विकलं. थकबाकीचा हिशेब करायला ते शाखेत आले तेव्हा भांडले नाहीत. एवढंच विचारलं, "साहेब, तो कागद तुम्ही वाचला होता ना?"

मी हो म्हणालो. नंतर माझी बदली झाली. त्यांच्या घरून दर हंगामात आमच्याकडे द्राक्षांची पेटी यायची, ती बदलीनंतरही दोन वर्षं येत राहिली. मग मी पत्ता कळवायचं सोडून दिलं. कादंबऱ्यांत मी बँकेवर बरंच लिहिलं, हे नाही लिहिलं.

हिच्यासमोर बसून फोन लावला. आबांनीच उचलला. आवाज खोल गेलाय. "जानेवारीच्या शेवटाला या. माल तयार असतो."

"कुठला माल?"

"खायची द्राक्षं, साहेब. दुसरी कोण लावतंय आता?" मग हसून, "लावतात म्हणा काही. ज्यांचं नीट चाललंय ते."

तेव्हा तिसरा कागद झाला. पहाटे पाचला निघायचं, नाशिकहून बोर्डीचा रस्ता सोडून वर दिंडोरी. मग परत फिरून गंगापूर, त्र्यंबक आणि जव्हारला मुक्काम. घाट सकाळच्या उजेडात उतरायचा. दुसरी रात्र बोर्डीला, परतीच्या घाईशिवाय. एका दिवसाची सहल तीन दिवसांची झाली, खर्च तिपटीने वाढला, त्यावर हिची हरकत नाही.

दिंडोरीपुढे मी 'अर्धा तास' लिहिलं होतं. हिने ते खोडून 'जेवण' लिहिलं.