केळीची तहान कुणाची?

अर्धापुरात येऊन केळीवर बोलणं म्हणजे काशीत गंगेचं वर्णन करण्यासारखं. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं. पण 'केळीला किती पाणी लागतं?' या प्रश्नातल्या 'लागतं' या शब्दापाशी आम्ही अडलो.

झाड जेवढं पाणी ओढतं, त्यातलं फार थोडं त्याच्या अंगात राहतं. बाकीचं पानांवाटे हवेत जातं. म्हणजे तहान झाडाची दिसते, मागणी मात्र हवेची असते. ऊन, वारा, तापमान आणि दमटपणा यांवरून ती मागणी काढण्याचं समीकरण हॉवर्ड पेनमन यांनी इंग्लंडात १९४८ साली मांडलं. जॉन माँटिथ यांनी १९६५ साली त्यात पानांचा अडथळा आणला. पुढे १९९८ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेनं हिशेबासाठी एक गवत कल्पिलं : १२ सेंटिमीटर उंच, सारखं वाढलेलं, पाण्याची ददात नसलेलं. असं गवत या उन्हात कुणाच्या रानात मिळायचं नाही! पण माप म्हणून ते चालतं.

आता गणित बघा. मे महिन्यात एखाद्या दिवशी या गवताची मागणी ८ मिलिमीटर धरू. पहिल्या वर्षीच्या भरात आलेल्या केळीचा पीकगुणांक १.१. दीड बाय दीड मीटर लागवडीत झाडाच्या वाट्याला सव्वादोन चौरस मीटर जागा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. गुणाकार करा, साधारण २० लिटर येतात. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर २२ सोडावे लागतील. मागणी ४ मिलिमीटरवर आली की निम्मे पुरे. लहान रोपाचा गुणांक ०.५ च्या आसपास, त्याला आणखी कमी.

मग लोक जास्त पाणी का देतात? अडाणीपणानं नव्हे. इसापूर धरणाच्या कालव्याचं पाणी पाळीनं येतं. पुढची पाळी कधी, हे कळत नसेल तर माणूस आज रान भिजवून ठेवणारच. समीकरण मात्र गृहीत धरतं की रोज हवं तेवढं पाणी हाताशी आहे! विहीर किंवा शेततळं असेल तरच ते खरं ठरतं. शिवाय काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही. केळीची बरीचशी मुळं तर वरच्या थरातच असतात.

म्हणून आकडा आधी धरायचा, मग वीतभर माती उकरून बघायची. मुठीत दाबल्यावर पाणी सुटलं तर उद्याचे लिटर कमी करा; भुगा झाला तर वाढवा.